माळ पायी पाहावा

माझ्या वयाच्या सोलापूरकरांनी आयुष्यातले पहिले अस्वल पाहिले ते दरवेशाच्या दोरीला बांधलेले. नाकात ओवलेली दोरी, दरवेशाच्या हातातला डमरू, त्या तालावर मागच्या दोन पायांवर उभे राहण्याची केविलवाणी कसरत, आणि ते पाहायला दारांत गोळा झालेली सगळी गल्ली. पोर भित्रे असेल तर आई त्याला घटकाभर अस्वलाच्या पाठीवर बसवी आणि दरवेशाकडून विकत घेतलेला अस्वलाचा केस ताइतात घालून त्याच्या दंडाला बांधी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा खेळ बेकायदा ठरवला, तरी देशातली शेवटची नाचती अस्वले सुटेपर्यंत 2009 साल उजाडले. त्या काळी कोणी म्हणाले असते की अस्वल बघायचे तर माणसाने उठून त्याच्या डोंगरात जावे, दिवसभर चालावे आणि दिसलेच तर लांबूनच पाहून माघारी फिरावे, तर आमच्या गल्लीने त्याला वेड्यात काढले असते.

माझा पुतण्या कॅनडात, कॅल्गरीला नोकरी करतो. मागे एका उन्हाळ्यात तो नेमक्या याच कामासाठी बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात गेला होता. फोनवर त्याने बेत सांगितला तेव्हा वहिनींचा जीव खालीवर झाला. ‘अरे, अस्वल बघायला पायी जातं का कोणी? निदान गाडीतनं तरी बघ,’ असे त्या त्याला परोपरीने सांगत होत्या. त्याचे उत्तर असे होते की तिथल्या मोरेन सरोवराच्या रस्त्यावर 2023 पासून खाजगी गाड्यांना बंदी आहे, तिथपर्यंत बसनेच जावे लागते. आणि त्यापुढच्या काही डोंगरवाटांवर ग्रिझली अस्वलांच्या हंगामात चौघांपेक्षा कमी माणसांनी पाऊल टाकले तर दंड होतो, शिवाय त्या चौघांनीही एकमेकांना धरूनच चालायचे असते. हे दोघेच मित्र होते. म्हणून वाटेच्या तोंडाशी अर्धा तास ताटकळून त्यांनी आणखी दोन अनोळखी सोबती मिळवले, कमरेला मिरचीच्या फवाऱ्याचा डबा अडकवला आणि अस्वल दचकू नये म्हणून वळणावळणावर मोठ्याने बोलत चढण चढली. अस्वल दिसले ते समोरच्या उतारावर, दुर्बिणीतून: झुडपातली फळे ओरबाडणारा एक तपकिरी ठिपका. वीस मिनिटे तो ठिपका पाहून ही मंडळी खाली उतरली आणि संध्याकाळच्या बसने परत गेली. ‘एवढ्यासाठी?’ वहिनी म्हणाल्या.

वहिनींचा पहिला प्रश्न मात्र माझ्या मनातून जात नाही, कारण तो आता सोलापूरच्या माळावर येऊन ठेपला आहे. इथे ग्रिझली नाही आणि डोंगरही नाही. पण लांडगा आहे, काळवीट आहे, खोकड आणि तरस आहेत, हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या पक्षी आहेत आणि हे सगळे पाहण्याची हौस असणाऱ्या माणसांची संख्या दरवर्षी वाढते आहे. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे वनखात्याने 2024 मध्ये गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केल्यापासून ‘आपल्याकडेही गाड्या सोडा’ असे म्हणणारे इथे बरेच भेटतात. दुसऱ्या बाजूला, माणसाने माळावर पाऊलच टाकू नये, सगळे कुंपण घालून बंद करावे, असे म्हणणारे निष्ठावंत आहेत. मला दोन्ही बाजू पटत नाहीत. माळ लोकांना खुला असावा. मात्र तो पायी, थोड्या माणसांना, वाटाड्याबरोबर आणि दिवसापुरता खुला असावा, आणि गाडी डांबरी सडकेवरच थांबावी, असे माझे म्हणणे आहे.

ज्या माळाविषयी हा वाद आहे तो आपल्या डोळ्यांत कधी भरलेला नाही. सरकारी कागदावर तो पडीक, शेतकऱ्याच्या बोलण्यात बरड आणि शहरातल्या माणसाच्या लेखी तर तिथे काहीच नसते. वृक्षारोपणाचा उत्साह आला की पहिला खड्डा माळावरच पडतो, कारण जागा रिकामी आहे असे सर्वांनाच वाटते. वास्तविक मुरमाच्या वीतभर थरावर उगवणारे हे कुसळी गवत हेच इथले रान आहे, आणि त्यात झाड लावणे म्हणजे भरल्या घरात परक्याचा संसार मांडून देण्यासारखे आहे. सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर या जिल्ह्यांत मिळून 1979 मध्ये माळढोक पक्षी अभयारण्य जाहीर झाले ते कागदावर जवळजवळ 8,496 चौरस किलोमीटरचे होते. त्यात गावे, शेते, बाजारपेठा सगळेच आले. जमिनीच्या खरेदी-विक्रीला अडचण, विहिरीला अडचण, कारखान्याला अडचण. त्यामुळे ‘माळढोक’ हा शब्द उच्चारला की इकडच्या शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडू लागली. पुढे हे क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणले गेले. तोवर ज्याच्या नावाने हे सगळे झाले तो पक्षीच इथून जवळपास नाहीसा झाला होता. मीटरभर उंचीचा, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा, एका वेळी बहुधा एकच अंडे घालणारा हा पक्षी आज देशभरात दीडशेच्या आत उरला आहे आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे आहेत. सोलापूरजवळच्या नान्नजला एखादा दिसला तर वर्तमानपत्रात बातमी होते.

माळढोक गेला तरी माळ उरला आहे, आणि तो कशाने मोडतो हे मी स्वतः मोडून पाहिले आहे. पंधराएक वर्षांपूर्वीची, एप्रिल महिन्यातली गोष्ट आहे. एका मित्राच्या जीपमधून आम्ही चौघे धाविक पक्ष्यांचा फोटो काढायला निघालो होतो. धाविक हा मातीच्या रंगाचा, उंच पायांचा पक्षी. तो तुरुतुरु धावतो, थबकतो, पुन्हा धावतो. आम्ही त्याच्यामागे गाडी घातली. तो थांबला की आम्ही थांबायचो, तो पळाला की आम्ही पळायचो, आणि हे आम्हाला मोठे कौशल्याचे काम वाटत होते. मनासारखा फोटो मिळाल्यावर आपल्याच चाकांच्या खुणेवरून परत येताना मला काहीतरी चकाकल्यासारखे दिसले म्हणून उतरून पाहिले. मुरमात दाबल्या गेलेल्या कवचाचा चुरा होता, त्याभोवती पिवळट ओल होती आणि तिच्यावर मुंग्या लागल्या होत्या. आणि तिथून चार बोटांवर दुसरे अंडे शाबूत होते, ठिपक्याठिपक्यांचे, आजूबाजूच्या खड्यांहून वेगळे ओळखू न येणारे. घरटे म्हणावे असे काहीच नव्हते, नुसती एक उथळ जागा होती. गाडीतून ते दिसणे शक्यच नव्हते. धाविक, चंडोल, टिटवी, पखुर्डी हे सगळे उघड्या जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत आणि माळावर रस्ता नसल्यामुळे गाडीला सगळाच रस्ता असतो. मेंढरांच्या खुरांखाली अंडी सापडत नाहीत असे मी म्हणणार नाही. पण मेंढरू तिथे पोटासाठी येते, आम्ही फोटोसाठी गेलो होतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. पायी चालणाऱ्या माणसाला जनावर गाडीपेक्षा जास्त बुजते. काळवीट जीपला जितके जवळ येऊ देते तितके माणसाला येऊ देत नाही, हे रेहेकुरीला किंवा नान्नजला एकदा जाऊन आलेला कोणीही सांगेल. मग पायी जाण्याने उपद्रव वाढेल, कमी कसा होईल, असे विचारले जाते. याला माझे पहिले उत्तर असे की गाडी जवळ जाऊ शकते हाच तिचा दोष आहे. ज्या काळविटाला गाडीची भीती उरली नाही ते काळवीट रात्री प्रखर दिवा लावून येणाऱ्या शिकाऱ्याच्या गाडीलाही भिणार नाही. पायी माणसापासून ते दूर पळते, तेव्हा किती अंतर ठेवायचे ते त्याने ठरवलेले असते आणि आपल्याला ते मुकाट्याने मानावे लागते. दुसरे म्हणजे, पायी माणसाची झेपच मुळात थोडी आहे. सकाळच्या तीन तासांत तो फार तर पाचसहा किलोमीटर चालेल आणि एकच ओघळ, एकच टेकाड पाहील. तेवढ्या वेळात एक जीप अख्खे रान ढवळून काढते.

पण या आक्षेपाचे खरे उत्तर बुजण्याच्या आणि सरावण्याच्या विषयात आहे, आणि ते मला पुस्तकात मिळण्याआधी माळावर मिळाले.

सिद्धेश्वरांच्या गड्ड्याचे दिवस होते, म्हणजे जानेवारीचा मध्य. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका माळावर सत्तरीच्या एका धनगर बाबांबरोबर मी चालत होतो. मेंढरे पुढे पसरली होती, माझ्या मोज्यांत कुसळे शिरून टोचत होती आणि मी दर दहा पावलांवर वाकून ती उपटत होतो. तेवढ्यात बाबांनी काठी न उचलता नुसत्या हनुवटीने पलीकडे दाखवले. ओघळीच्या त्या अंगाला, दोनशे-सव्वादोनशे पावलांवर, लांडगा चालला होता. मी दुर्बीण काढायला थांबलो. लांडगाही थांबला आणि आमच्याकडे पाहू लागला. ‘थांबू नगा,’ बाबा हळूच म्हणाले. ‘थांबून बघणारा मानूस त्याला खपत न्हाई. आपलं चालत ऱ्हावा, मेंढरामागं चालल्यागत.’ मी चालू लागलो. लांडग्याने आणखी क्षणभर पाहिले, मग खाली बसून मागच्या पायाने मान खाजवली, उठला आणि आमच्याशी समांतर असा आपल्या चालीने निघाला. चांगली पाच मिनिटे तो आमच्याबरोबर होता म्हटले तरी चालेल. या बाबांची दोन कोकरे त्याच साली लांडग्याने नेली होती, त्याविषयी त्यांनी त्याला एक शिवीही हासडली. पण त्या शिवीत शेजाऱ्याला द्यावी तसा सूर होता.

लांडगा बाबांना भीत नव्हता, कारण बाबा रोज त्याच वेळी, त्याच वाटेने, त्याच चालीने जात होते. मी थांबलो तेव्हा बिचकला, कारण माझे वागणे त्याच्या ओळखीचे नव्हते. अलास्कातल्या मॅकनील नदीवर हीच गोष्ट अर्ध्या शतकाहून अधिक काळ जाणूनबुजून केली जात आहे. 1967 पासून ते अस्वलांचे राखीव क्षेत्र आहे. सामन मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात त्या दिवसांत तिथल्या धबधब्यावर तपकिरी अस्वले डझनांनी जमतात. एका वेळी सत्तराहून अधिक मोजल्याची नोंद आहे. तिथे दिवसाला फक्त दहा माणसांना परवानगी मिळते, तीही सोडतीने. ही परवान्याची पद्धत 1973 मध्ये सुरू झाली. ही माणसे मुक्कामाच्या जागेवरून रक्षकाबरोबर दलदलीतून दोन-तीन किलोमीटर चालत जातात, ठरलेल्या एकाच जागी बसतात आणि ठरलेल्या वेळी उठतात. अस्वले त्यांच्यापासून काही पावलांवर मासे खातात, पिल्ले पाजतात. ही पद्धत सुरू झाल्यापासून तिथे एकाही पाहुण्याला अस्वलाने इजा केलेली नाही. माणसाने आपले वागणे इतके एकसुरी ठेवले की अस्वलाच्या लेखी तो नदीकाठच्या दगडासारखा झाला.

मराठीत दोन क्रियापदे आहेत आणि या विषयात त्यांची गल्लत करणे महागात पडते: सरावणे आणि चटावणे. मॅकनीलची अस्वले माणसाला सरावली आहेत. अमेरिकेतल्याच यलोस्टोन उद्यानात विसाव्या शतकाची पहिली साठ-सत्तर वर्षे अस्वले माणसाच्या अन्नाला चटावली होती. हॉटेलांच्या उकिरड्यांवर त्यांचे जेवण होई आणि ते बघायला लोकांना बाकावर बसवत. रस्त्यावर गाड्यांच्या खिडक्यांतून त्यांना पाव भरवत. परिणाम असा की 1931 ते 1969 या काळात तिथे अस्वलांकडून दरवर्षी सरासरी 48 माणसे जखमी होत होती. उकिरडे बंद केले, गाडीतून खाऊ घालणे थांबवले, कचऱ्याच्या पेट्यांना अस्वलाला न उघडणारी झाकणे बसवली, तेव्हा कुठे हा आकडा वर्षाला एक-दोनवर आला. त्या स्थित्यंतरात चटावलेली कितीतरी अस्वले मारावी लागली; माणसाच्या लाडाची किंमत त्यांनी दिली. आणि लक्षात घेण्याजोगे हे की त्यातला बराचसा लाड गाडीच्या खिडकीतून झालेला होता.

आपल्याला जवळचे उदाहरण हंपीपाशी आहे. विजयपूरमार्गे हंपीला जाणारे सोलापूरकर पुष्कळ. त्यांतले काही तिथून दरोजीच्या अस्वल अभयारण्यातही डोकावतात. 1994 मध्ये जाहीर झालेल्या या अभयारण्यात दुपारनंतर मनोऱ्यावर बसून समोरच्या खडकांवर उतरणारी अस्वले पाहता येतात. मीही पाहिली आहेत. काळ्या ढिगाऱ्यांसारखी ती एकामागून एक कपारीतून बाहेर येतात तेव्हा श्वास रोखला जातो. पण ती त्या वेळी तिथेच का येतात? खडकांवर त्यांच्यासाठी गोड लेप फासून ठेवण्याची पद्धत आहे म्हणून. माणूस मनोऱ्यावर, अस्वल लांब, गाडीचा धुरळा नाही. बाकी सगळे चांगले आहे. तरीही दगडावरचा तो गूळ पाहून मला दरवेशाची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. दोरी गेली, गूळ उरला. पाहुण्याला हमखास दर्शन झालेच पाहिजे, हा हट्ट एकदा मान्य केला की एकतर जनावराच्या मागे गाडी घालावी लागते, नाहीतर त्याला खाऊ घालून पुढे आणावे लागते. म्हणून पायी जाण्यातली पहिली अट ही असली पाहिजे की काही दिसले नाही तरी तक्रार करायची नाही आणि पैसे परत मागायचे नाहीत.

अस्वलाच्या रानात सगळीकडे पायी फिरावे, असे मात्र मी चुकूनही म्हणणार नाही. आपले देशी अस्वल वाळवीवर, मुंग्यांवर, मोहावर आणि बोरांवर जगणारे असले तरी नजरेने अधू आहे आणि अचानक समोर आलेल्या माणसावर पळून जाण्याऐवजी धावून येण्याची त्याची खोड आहे. मेळघाटात, बुलढाण्याकडे, गडचिरोलीत मोह आणि तेंदू वेचायला पहाटे जाणाऱ्या बाया-माणसांना हे कोणी शिकवावे लागत नाही. ज्यांचे चेहरे त्या पंजांनी फाटले आहेत अशी माणसे त्या गावांत भेटतात. हौसेपायी तिथे चालणे म्हणजे त्यांच्या नाइलाजाची थट्टा ठरेल. वाघाचेही तेच. टिपेश्वरहून निघालेला एक वाघ 2024 च्या अखेरीस येडशी-रामलिंगच्या अभयारण्यात येऊन पोहोचला आणि बार्शी तालुक्यातल्या शिवारात त्याच्या खुणा दिसू लागल्या, तेव्हा त्या पट्ट्यात पायी भटकंती बंद असायलाच हवी होती. रानागणिक नियम वेगळा हवा. सातपुडा व्याघ्र प्रकल्पात वाटाड्याबरोबर पायी फिरता येते, उत्तराखंडातल्या फुलांच्या दरीत हिमालयी अस्वल असूनही माणसे पायीच जातात, पण मुक्कामाला परवानगी नसल्याने संध्याकाळच्या आत सगळ्यांना खाली यावे लागते. दिवसा जा, दिवसा या, हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. रात्र ही जनावराची असते, तिच्यात आपला वाटा मागू नये.

आमचा माळ या बाबतीत नशीबवान आहे. झाडी नसल्यामुळे कोणी कोणाच्या अंगावर अचानक येत नाही. अर्ध्या किलोमीटरवरचे हरीण नुसत्या डोळ्यांनी दिसते, आणि साधी दुर्बीण असली तर भोवत्याच्या शेपटीवरचे पट्टे मोजता येतात. यलोस्टोनमध्ये अस्वल आणि लांडग्यापासून निदान 91 मीटर लांब राहावे लागते. अलास्काच्या डेनालीत अस्वलासाठी हेच अंतर 275 मीटर आहे. माळावर 200 मीटर ठेवायला काहीच कठीण नाही, आणि आकडा विसरला तरी चरणाऱ्या काळविटाने मान वर करून आपल्याकडे पाहिले की आपण हद्द ओलांडली, हे कोणालाही कळते. सहा-सात माणसांचा गट, बरोबर गावातला वाटाड्या, आखून दिलेली दोन-तीन पायवाटांची जाळी, आणि त्या वाटा मेंढपाळांच्याच रोजच्या वाटा असाव्यात, कारण जनावरे त्यांना आधीच सरावलेली आहेत. पावसाळ्यात, माळढोकाच्या विणीच्या दिवसांत, त्याचे जुने पट्टे पूर्ण बंद राहावेत, मग तो येवो न येवो. हिवाळ्यात लांडग्याची पिल्ले बिळात असतात तेव्हा त्या बाजूची वाट दोन-तीन महिने मिटवावी आणि ती का मिटवली हे फलकावर लिहू नये. लिहिले की तिथेच गर्दी होते.

कारण आज माळाला सर्वांत मोठा उपद्रव गाडीइतकाच भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या नकाशाच्या ठिपक्याचा आहे. बिळाच्या तोंडाशी खेळणाऱ्या पिल्लांचा फोटो समाजमाध्यमांवर आला की दुसऱ्या दिवशी तिथे चार गाड्या, तिसऱ्या दिवशी दहा. पिल्लांची आई त्यांना तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि त्या हलवाहलवीत गावाकडची भटकी कुत्री गाठतात. पायी जाणारे सगळे सज्जन असतात आणि गाडीवाले सगळे उडाणटप्पू, असा माझा दावा नाही. मी स्वतः गाडीवाला होतो. पण तीन किलोमीटर चालत जावे लागणार असेल तर नुसत्या हव्यासापोटी येणाऱ्यांतले निम्मे सडकेवरूनच परत जातात, हा चालण्याचा फार मोठा गुण आहे.

आता पैशाकडे येऊ, कारण शेवटी या गोष्टी तिथे येऊन अडतात. गाडीची सफारी म्हटली की गाडी, इंधन, चालक आले. तिचे दर शहरातल्या सुट्टीवाल्यांना परवडतील असेच राहतात, आणि गाडी ज्याची त्याच्या खिशात त्यांतला मोठा भाग जातो. पायी फेरीला लागतो तो फक्त माणूस, आणि तो नान्नज-वडाळा-मार्डीच्या पट्ट्यातलाच असणार. आठ हजार चौरस किलोमीटरच्या त्या कागदी अभयारण्यामुळे ज्यांनी वर्षानुवर्षे खोळंबा सोसला, ज्यांच्या तुरीत आणि ज्वारीत हरणांचे कळप रात्री उतरतात, त्यांना माळामुळे चार पैसे मिळण्याचा याहून सरळ मार्ग मला दिसत नाही. मेंढरामागे पन्नास वर्षे चाललेल्या माणसाला वाटाड्याचे काम शिकवावे लागणार नाही; शिकवावे लागेल ते पाहुण्यांना, की तो सांगेल ते ऐकायचे. त्याला रोजंदारी नव्हे तर ठरलेला दर मिळावा, आणि लांडग्याने नेलेल्या मेंढराची भरपाई त्याला खेटे न घालता मिळावी, हेही याच हिशेबात धरले पाहिजे. ज्याचे कोकरू गेले त्यानेच पाहुण्याला लांडगा दाखवावा, आणि भरपाई मात्र सहा महिने अडकून पडावी, असा कारभार फार काळ चालणार नाही.

आणि पाहणारा कोण? सोलापूरच्या ज्या गिरण्यांच्या भोंग्यावर एके काळी अर्धे शहर उठत असे त्या केव्हाच बंद पडल्या. त्या गिरणी कामगारांची नातवंडे आज महापालिकेच्या शाळांत आहेत. नान्नज शहरापासून जेमतेम वीस किलोमीटर आहे. बार्शीच्या एसटीत बसून, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून त्या मुलांना माळ पाहता आला पाहिजे. जीपच्या सफारीत ती मुले बसणार नाहीत. हे शहर मारुती चितमपल्लींचे आहे. ते इथेच जन्मले, नोकरी वनखात्यात केली आणि 18 जून 2025 ला इथेच गेले. पक्ष्यांची आणि झाडांची जी नावे त्यांनी रानातल्या माणसांकडून टिपून मराठीत आणली ती रानावनात पायी फिरून, वाटाड्यांच्या संगतीत. या गावातल्या पोराला चंडोल कसा ओळखायचा हे कळण्यासाठी गाडीचे भाडे मोजावे लागावे, हे मला पटत नाही.

वनखात्याची अडचण मी समजू शकतो. अभयारण्यात शिरायला कायद्याने परवानगी लागते, माणसे अपुरी आहेत, उद्या कोणाला उष्माघात झाला तर जबाब कोणी द्यायचा हा प्रश्न आहे, आणि गाडीवर नजर ठेवणे चालत्या माणसावर नजर ठेवण्यापेक्षा सोपे आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा 44 अंशांवर जातो तेव्हा नवाच्या आत फेरी आटोपावी लागेल किंवा ते दोन महिने सरळ बंद ठेवावे लागतील. माझ्या मते बंदच ठेवावेत, जमिनीवरची अंडीही त्याच दिवसांत असतात. एकदम सगळा माळ खुला करण्याचीही गरज नाही. एका हिवाळ्यापुरती, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एकच वाट आणि दिवसाला दोन गट एवढेच करून पाहावे. वाटाड्याने रोजच्या वहीत लिहावे: कोणते जनावर, किती लांबून दिसले, आपल्याला पाहून पळाले की चरत राहिले. फेब्रुवारीअखेर ती वही उघडली की काळवीट पहिल्या आठवड्यात किती अंतरावरून पळत होते आणि शेवटच्या आठवड्यात किती, हे कळेल. अंतर तेवढेच राहिले किंवा वाढले तर माझे म्हणणे चुकीचे ठरेल आणि ती वाट मिटवायला मी स्वतः कुदळ घेऊन येईन. फक्त तोवर गाड्या सोडण्याचा निर्णय कोणी घाईने घेऊ नये, कारण चाकांची वाट एकदा मुरमात उमटली की तिच्यावर गवत यायला फार वर्षे लागतात. त्या एप्रिलमधली आमची वाट मी नंतर तीन पावसाळे पाहत होतो. धाविकाने अंडी घातली होती त्या जागेपासून सडकेपर्यंत ती तशीच उघडी होती, आणि तिसऱ्या वर्षी तिच्यावरून दुसऱ्याच कोणाच्या गाडीचे ताजे ठसे गेलेले दिसले.